मूआ, रोया, पीट्या: बडोद्यातल्या शिव्यांचा फेरफटका

बुधवार

सुरत येईपर्यंत कर्णावती एक्स्प्रेसचा आमचा डबा अगदी सोवळ्यात होता. सुरतेला चार गृहस्थ चढले आणि सोवळं सुटलं. पन्नाशीच्या आतबाहेरचे, इस्त्रीचे शर्ट, कपाळाला टिळा, हातात पोंकाच्या पिशव्या. पोंक म्हणजे आपला हुरडा. सुरतेत तो लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात आणि हिवाळा संपेपर्यंत दुसरं काही बोलत नाहीत. बुडं टेकायच्या आधीच त्यांनी एकमेकांना, पंख्याला, सामान ठेवायच्या फळीला आणि गाडी चुकलेल्या पाचव्या मित्राला भ-च्या बाराखडीतून हाका मारल्या. राग कुणालाच आलेला नव्हता. समोर बसलेल्या आजींनी जपमाळेचा एक मणीही चुकवला नाही.

सुरती माणसाची गाळ (गुजरातीत शिवीला गाळ म्हणतात) हे विरामचिन्ह आहे, असं गुजराती लोक स्वतःच कौतुकानं सांगतात. ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही म्हण जुनी. त्यात गाळ घालायची राहून गेली, एवढंच. शिवाय ही बोली ‘स’चा ‘ह’ करते. ‘सारुं’चं ‘हारुं’ होतं, सुरतेचं ‘हुरत’. सगळं बोलणंच फुंकर मारल्यासारखं येतं, त्यामुळं शिवी चटका लावण्याऐवजी पापडावरून वारा जावा तशी जाते.

मी सबटायटलं लिहिते. कोण कोणाला काय म्हणालं ते दोन ओळींत, ओळीला चाळीसेक अक्षरांत बसवायचं, हे माझं पोट. या धंद्यात सगळ्यात जास्त वेळ खातात त्या शिव्या. क्यूबेकमधली फ्रेंच बोलणारी माणसं चिडली की ‘ताबर्नाक’ म्हणतात, ‘कालिस’ म्हणतात, ‘ओस्ती’ म्हणतात. यातला एक शब्द चर्चच्या वेदीवरच्या प्रसादाच्या कपाटाचा, दुसरा पवित्र पेल्याचा, तिसरा प्रसादाच्या चकतीचा. तिथं १९६०च्या दशकापर्यंत शाळा, इस्पितळं, घरदार सगळ्यांवर चर्चचा हात होता, म्हणून चीड काढायचीही तिथंच. आता मराठीत काय लिहिणार? खलनायक पायावर दगड पडल्यावर ‘देव्हारा!’ म्हणून ओरडला तर प्रेक्षक हात जोडतील.

बरोबर चिरंजीव. कॉलेजात आहेत, गुजराती येत नाही, पण मुंबईत वाढल्यामुळं आपल्याला येतं असं वाटतं. भरूचचा नर्मदेचा पूल ओलांडला आणि खिडकीतून रुळांच्या कडेनं काटेरी झुडपांची रांग लागली. चौघांतल्या एकानं हात करून सांगितलं, ‘‘जुओ, आ बधो गांडो बावळ.’’ चिरंजीवांच्या नाकातून चहा आला.

आता हे एकदाचं सांगून टाकते, म्हणजे पुढं अडचण नको. गुजरातीत ‘गांडो’ म्हणजे वेडा. साधा, घरगुती, लहान मुलापुढं उच्चारायचा शब्द. आई लेकराला लाडानं ‘गांडा!’ म्हणते, सिंहांच्या गीरला प्रेमानं ‘गांडी गीर’ म्हणतात आणि कुठंही वेड्यासारखी फोफावणारी ही बाभूळ म्हणून ‘गांडो बावळ’. मूळची अमेरिका खंडातली. कच्छचं रण पुढं सरकू नये म्हणून वनखात्यानं लावली, आता काढता येत नाही. गंमत म्हणजे मराठीतही तिचं नाव ‘वेडी बाभूळ’ असंच आहे. दोन्ही भाषांनी तिच्यात वेडच पाहिलं, फक्त आपल्या कानाला एकच नाव सहन होतं. आपला शब्द किती मुरलेला आहे ते पाहायचं तर मोल्सवर्थचा कोश उघडावा. १८३१ साली त्या गोऱ्या लष्करी माणसानं गांड या नोंदीखाली जमवलेल्या वाक्प्रचारांची यादी वाचताना आजही कानशिलं तापतात.

त्या काकांना मात्र आमचं हसू कळलं होतं. मुंबईत धंदा असणार. ‘‘तुमच्याकडं नाही म्हणत, ठाऊक आहे,’’ असं मराठीत म्हणाले आणि पोंक पुढं केला.

गुरुवार

मामांचं घर दांडिया बाजारात. गायकवाडांच्या मागोमाग अठराव्या शतकात जी मराठी घरं इकडं आली, त्यांतली बरीच याच बाजूला, रावपुऱ्यात आणि बाबाजीपुऱ्यात राहिली. वाड्यांच्या जागी आता इमारती आहेत, पण सकाळी पोह्यांच्या फोडणीचा वास आणि गॅलरीतून वाळणारी नऊवारी अजून दिसते. बडोद्याच्या मराठीत वाक्याच्या शेवटी ‘ने’ येतो. ‘येतेस ने?’ ‘चहा घे ने.’ ऐकताना दोन मिनिटं अडखळायला होतं, मग आपणही म्हणू लागतो.

भाचीचं लग्न रविवारी, मुलगा आणंदचा पटेल. घरात गडबड, म्हणून मामी मला घेऊन खंडेराव मार्केटला निघाली. ही १९०६ची सयाजीरावांच्या काळातली इमारत. पुढं घुमटांची ऐट, तिथं महापालिकेची कचेरी, आणि मागं भाजी-फुलांचा बाजार. मामी अठ्ठ्याहत्तरची. सुरती पापडी घ्यायची होती, उंधियुंसाठी. भाजीवाल्यानं बोलता बोलता तळातली मूठ तराजूत टाकली. मामीनं त्याच मुठीतली एक शेंग उचलली, नखानं उकलली आणि आतली अळी त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

‘‘मूआ, आ कोने खवडावीश? तारी सासूने?’’ हे कुणाला खाऊ घालशील, तुझ्या सासूला?

भाजीवाला पन्नाशीचा बाप्या. लाजला. मूठ काढली, नवी घातली, वर दोन मुठी फुकट. जाताना ‘‘आवजो बा’’ म्हणाला. मामी मला मराठीत म्हणाली, ‘‘मेला रोज असंच करतो.’’

मूआ म्हणजे मेलेला, म्हणजे आपला मेल्या. इथपर्यंत मला माहीत होतं. पुढचं दुपारी कळलं. मामीच्या गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या, शेजारच्या गुजराती आजींच्या, म्हणजे बांच्या, गच्चीवर खिचीचे पापड, मध्ये कमरेएवढी भिंत. खालच्या गल्लीतल्या पोरांचा चेंडू उडाला तो थेट पापड्यांवर, तिथून टप्पा घेऊन पापडांवर. दोघी एकाच वेळी कठड्याशी.

‘‘मुडद्या! हात मोडले तुझे!’’
‘‘पीट्या! रोया! आव तुं उपर!’’

पोरांनी वर पाहिलं आणि दोन्ही भाषांना सारखाच मान देऊन पळ काढला. मग चेंडू मामीनं पदराखाली घातला, बांनी चहा टाकला आणि मी वही काढली.

मूआ म्हणजे मेलेला. रोया म्हणजे ज्याच्यासाठी रडून झालंय असा. पीट्या म्हणजे ज्याच्या नावानं छाती पिटून झालीय असा. मरण, रडणं, ऊर बडवणं, सगळा विधी तीन शब्दांत. मराठी बाजू काही कमी नाही: मेल्या, मुडद्या, तुझं मढं निघो, तिरडी उठली तुझी, मुडदा बशिवला तुझा. गुजरातीत ‘नख्खोद जजो’ म्हणजे वंश बुडो, आपल्याकडं निर्वंश, वाटोळं, तळपट. कशाचाही कंटाळा आला की गुजराती बाई म्हणते ‘बळ्युं, जवा दे ने’. आपली म्हणते ‘जळ्ळं मेलं, जाऊ दे’. शब्दाला शब्द. कुणी कुणाकडून घेतलं, ते विचारून उपयोग नाही. दोघी चुलीपुढं होत्या आणि दोघींच्या डोळ्यांत धूर जात होता. एक गोष्ट मात्र गुजरातीचीच: ‘मारा रोया’. माझ्या रडलेल्या! शिवीत ‘माझ्या’ घालायचं मराठीला सुचलं नाही.

रोगराईचा एक वेगळा कप्पा निघाला. ‘पटकी येवो तुला’ ही मामीच्या आजीची शिवी. पटकी म्हणजे कॉलरा. ती ऐकली आणि मला डच सबटायटलं आठवली. डच माणूस चिडला की समोरच्याला ‘क्लेरे’ देतो, तो कॉलराच. क्षयही देतो, टायफसही आणि कर्करोगसुद्धा. पोलंडमध्ये तर ‘होलेरा!’ ही रोजची चरफड आहे. साथ ओसरून शंभर वर्षं झाली तरी शिवी औषधाला दाद देत नाही.

मामीनं दोन नियम सांगितले. आजारी माणसाला यातलं काही म्हणायचं नाही. आणि तिन्हीसांजेला तोंड आवरायचं, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत फिरतो. म्हणजे या बायका ज्याला मेल्या म्हणतात तो मरू नये याची पूर्ण व्यवस्था आहे. बांनी मान डोलावली, त्यांच्याकडंही दिवेलागणीला गप्प बसतात.

‘‘पुरुषांच्या शिव्या कमरेखाली,’’ मामी म्हणाली, ‘‘आमच्या स्मशानात.’’

शुक्रवार

मामा न्यायमंदिरात नोकरीला होते. सूरसागरजवळची ती १८९६ची देखणी इमारत. ती मुळात मंडईसाठी बांधली होती, मग तिथं कोर्ट बसलं. आता कोर्टही नव्या जागी गेलंय. मामा समोर उभे राहून म्हणाले, ‘‘मंडई झाली असती तरी ऐकायला तेच मिळालं असतं.’’

मामा बोलायला अतिशय मवाळ. त्यांच्या तोंडून ‘गाढव’सुद्धा मी ऐकलेलं नाही. पण नोकरीची सगळी वर्षं त्यांनी शिव्या लिहिल्या. भारतीय दंडविधानाचं कलम २९४, सार्वजनिक जागी अश्लील शब्द, तीन महिन्यांपर्यंत कैद. कलम ५०४, शांतता भंगेल असा मुद्दाम केलेला अपमान, दोन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४पासून न्याय संहितेत त्यांचे आकडे २९६ आणि ३५२ झाले, शिव्या त्याच. गुजराती फिर्यादीत एक ठरलेलं वाक्य असतं: ‘मा-बेन समाणी गाळो बोली’. मराठी फिर्यादीत तेच ‘आई-बहिणीवरून शिवीगाळ करून’ असं येतं. पण बचावाचा वकील उठून विचारायचा, नेमके शब्द कोणते? मग साक्षीदाराची पंचाईत. पुरुष खाली बघून पुटपुटायचे. एका बाईनं तर ठाम नकार दिला. तिला चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगितलं. तिनं लिहिलं, चिठ्ठी हातोहात वर गेली, वाचली गेली, घडी घालून कागदपत्रांना टाचली गेली. भर कोर्टात तो शब्द कुणीच उच्चारला नाही आणि सगळ्यांना कळला.

‘‘आणि तू शिवीगाळ म्हणतेस ने, त्यातला गाळ कुठला?’’ मामांनी विचारलं. मी तोवर तो विहिरीतलाच धरून चालले होते. जुन्या मराठीतही गाळ म्हणजे शिवीच. एकट्यानं वापरायचं आपण सोडलं, जोडशब्दाच्या शेपटाला तेवढा राहिला. गुजरातीनं अख्खा ठेवला.

घरी आल्यावर मामांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. पाठीचा कणा सुटलेला, सुतळीनं बांधलेलं. ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’, १९३१. मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरातून दत्तक आलेल्या सयाजीरावांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला हा कोश करून घेतला. गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, उर्दू, हिंदी, बंगाली, सगळ्या इंग्रजीसमोर ओळीनं बसलेल्या. पानं उलटताना मी हावरटासारखी शिवीचा रकाना शोधत होते. कारभाराचा कोश तो, त्यात अपमान असणार तोही लेखी अर्ज करून केलेला.

संध्याकाळी चिरंजीवांना घेऊन सेव-उसळ खायला. बडोद्याची ही खास चीज: उसळ मराठी, शेव गुजराती, तरी वेगळ्या भांड्यात आणि ती मागाल तितकी. वाटेत ‘डाकोरना गरम गोटा’ अशी पाटी लागली. गोटा म्हणजे इथं मेथीचं भजं. चिरंजीवांनी पाटीसमोर उभं राहून फोटो काढला, मित्रांना पाठवला, मग चवीनं दोन प्लेट खाल्ले. असंच हसू त्यांना ‘एकी’वर येतं. गुजराती शाळेत करंगळी वर करून पोरं ‘एकी’ला जायची परवानगी मागतात, जरा मोठं काम असेल तर ‘बेकी’. एकीचं बळ शिकवणाऱ्या आपल्या बालभारतीला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

विद्यापीठाजवळच्या चहाच्या गाडीवर पोरापोरींचा घोळका होता. गुजराती, मराठी, एक-दोन मल्याळी असावीत, एक बिहारकडचा. गप्पा प्रत्येकाच्या आपापल्या वळणाच्या हिंदीत. शिव्या मात्र सगळ्यांच्या एकच, आई-बहिणीवरच्या त्या तीन-चार, त्याही बहुतेक इंग्रजी आद्याक्षरांत. बीसी, एमसी. याच मी बांद्र्याला ऐकते, याच पुण्यात ऐकते, दिल्लीच्या प्रत्येक वेबमालिकेत लिहिते. अश्लील आहेत म्हणून मला त्यांचा राग नाही. त्या कंटाळवाण्या आहेत. डफोळ, बबूचक, डोबा, वायडो असे एकाहून एक सरस शब्द घरात असताना पोरं आद्याक्षरांवर भागवतात. ‘लोचो’ तेवढा टिकलाय. सुरतेत तो खायचा पदार्थही आहे आणि घोटाळाही, आणि मुंबईत आपण त्याचा लोचा केला तो वेगळाच.

परभाषेतली शिवी स्वस्त पडते, याला पुरावा आहे. २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तुर्की मातृभाषा आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले, दाखवले आणि त्यांच्या बोटांच्या त्वचेतला विजेचा फरक मोजला. मातृभाषेतल्या घाण शब्दांनी अंग जास्त शहारलं. पण सगळ्यात जास्त फरक पडला तो लहानपणी खाल्लेल्या बोलण्यांचा: ‘लाज नाही वाटत?’ या जातीच्या वाक्यांचा. इंग्रजीत तेच वाक्य जवळजवळ कोरडं. चहाच्या गाडीवरच्या त्या बेधडक पोरांपैकी एकीचा फोन वाजला. ‘‘हो आई. निघालेच. नाही गं आई.’’ उभी राहूनच बोलली.

शनिवार

दिवसभर मांडव, पिठी, पाहुणे. लिहिण्यासारखं एवढंच की खुर्च्या उतरवताना एक लोखंडी खुर्ची चिरंजीवांच्या अंगठ्यावर पडली आणि त्यांनी मामीसमोर आद्याक्षरांचा विस्तार करून दाखवला. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठानं २००९ मध्ये लोकांना बर्फगार पाण्यात हात धरायला लावून दाखवून दिलंय की शिवी देत राहिलं की हात जास्त वेळ धरता येतो, म्हणजे शिवी वेदनेवर थोडी चालते. मामीला प्रयोग सांगितला. तिनं हळद लावली आणि म्हणाली, ‘‘हीपण चालते.’’

रविवार

जान आली, म्हणजे वऱ्हाड. मांडवाच्या दाराशी डीजे धडधडत होता. नवरदेवाची आजी, चरोतरातली, म्हणजे आणंदकडची, पांढरी साडी, उंच खणखणीत आवाजाची, तिनं हातानं खूण करून तो बंद करवला. नातवंडांनी कपाळाला हात लावले, कारण त्यांना पुढचं माहीत होतं. आजीनं फटाणां सुरू केलं.

फटाणां ही गुजराती लग्नातली शिव्यांची गाणी. दोन्हीकडच्या बायका व्याहीमंडळींना चालीवर सोलून काढतात. आधी आमच्या मामांचा नंबर लागला: वेळूसारखे उभे, वाकले तर मोडतील. मग आमचे सगळे पुरुष सात दिवसांचे उपाशी निघाले, ताटापुढं बसले की उठवायला बैलजोडी लागते. मग आजींचा मोर्चा वेवाणीकडं वळला. वेवाण म्हणजे विहीण, म्हणजे माझी वहिनी, जी त्या क्षणी पैठणीत अवघडून ओवाळणीचं तबक धरून उभी होती. वेवाणीचा म्हणे ढोलवाल्यावर डोळा. लग्नाचं निमित्त, येणं त्याच्यासाठी. पुढची दोन कडवी मी इथं लिहीत नाही. ढोलवालाच लाजून मांडवाबाहेर गेला.

वहिनी बडोद्याचीच, तिला अक्षर न् अक्षर कळत होतं. हसून हसून तबक हलत होतं. पंचाईत झाली ती साताऱ्याहून आलेल्या आत्यांची. ‘‘काय म्हणतायत गं?’’ मी सवयीनं सबटायटल दिलं: ‘‘वहिनी फार हौशी आहे म्हणतायत.’’ आत्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, की दोन ओळींची मर्यादा आठवली. ‘‘आमच्याकडं बोरीचा बार असतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला हौशी सांगू नकोस.’’

खरंच आहे. खंडाळा तालुक्यातली सुखेड आणि बोरी ही गावं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हातवारे करत एकमेकींना मोजून शिव्या घालतात. मध्ये पावसाचं पाणी, वाजंत्री, बघ्यांची ही गर्दी. आत्या माहेरपणाला कधीतरी तिथं उभ्या राहिलेल्या. त्यांनी नवरदेवाच्या आजींचं फटाणां नव्या मनानं, जाणकाराच्या कानानं ऐकायला घेतलं.

मामीची ती वाटणी, पुरुष कमरेखाली आणि बायका स्मशानात, इथं पार कोसळली होती. बायकांना कमरेखालचं सगळं येतं. फक्त त्याला चाल लागते, मांडव लागतो आणि समोर उत्तर द्यायला तोडीस तोड विहीण लागते. आई-बहिणीवरची शिवी त्या बाईच्या मागं दिली जाते. फटाणां तिच्या तोंडावर, आणि तिला उलटून म्हणायची मुभा ठेवून. कोर्टातल्या त्या साक्षीदार बाईला ही मुभा नव्हती, म्हणून चिठ्ठी.

उत्तर मामीनंच दिलं. आपल्याकडं रुखवतावर व्याह्यांची अशीच खोड काढत. ती जुनी चाल तिनं धरली आणि आणंद म्हणजे अमूल, हे धरून उभ्या उभ्या रचलं:

व्याही आले आणंदचे, मिशांना लावून लोणी,
ताटातले लाडू मोजा गं, खिशात भरले कोणी!

चरोतरच्या आजींना मराठी येत नव्हतं, पण लोणी आणि लाडू कळले. त्यांनी स्वतःच्या नवऱ्याच्या खिशाकडं पाहिलं आणि आधी त्याच हसल्या. मग दोघींची जी जुंपली ती मुहूर्ताची घटिका जवळ आल्यावर भटजींनी हात जोडले तेव्हा थांबली. जेवताना दोघी शेजारी बसल्या होत्या, एक दुसरीला वाढत होती. डीजे परत लागला तेव्हा दोघींनी मिळून त्याला जे म्हटलं ते मूआमध्येच बसत होतं.

सोमवार

गाडी दुपारची. सकाळी मामीला म्हटलं, शिव्या फोनवर रेकॉर्ड करते. ती एकदम आक्रसली. वहीत लिही, आवाज नको. राग नसताना, कुणी समोर नसताना ते शब्द तोंडानं काढायचे तिच्या जिवावर आलं. मग बसून एक-एक सांगत गेली, मी फोनवर टंकत गेले. फोनही मामीच्या बाजूचा निघाला. ‘मुडद्या’ लिहिलं की ‘मुद्द्या’ करायचा. ‘रोया’ला त्यानं ‘रोप’ सुचवलं. आद्याक्षरांवर मात्र त्याची काही हरकत नव्हती.

बा भिंतीपलीकडून येऊन बसल्या आणि त्यांनी ‘अक्करमी’ आणि ‘कपातर’ घातले. पहिला म्हणजे करंटा, दुसरा म्हणजे पोटी आलेलं कुपात्र. मामीनं ‘काळतोंड्या’ आणि ‘भुईला भार’ दिले. त्यांच्या सुना दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांतल्या निम्म्या त्यांना नव्या होत्या, आणि माझ्या भाचीला तर सगळ्याच नव्या असत्या. एक ऐकून धाकटी सून म्हणाली, ‘‘आई, हे तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत.’’ मामी म्हणाली, ‘‘तुला मराठीत राग येईल तेव्हा म्हणेन.’’

शेवटी यादी तिला वाचून दाखवली. चष्मा लावून तिनं फोन हातात घेतला, बोटानं एक-एक ओळ सरकवली आणि एके जागी थांबली.

‘‘हे काय लिहिलंस? जळलं?’’

‘‘हो. जळलं मेलं.’’

‘‘जळलं नव्हे. जळ्ळं. ळला ळ जोड. एका ळनं कुणाचं काही जळत नाही.’’